कूलर बंद करून खेळायचा खेळ

मे महिना लागला की माझं डोकं फिरतं. ऊन हे कारण आहेच. आमच्या खानदेशात मे महिन्यातल्या दुपारी माणसानं माणसाशी बोलूच नये, बोललं की भांडण ठरलेलं. पण माझं खरं दुखणं कूलरचं. शेजारच्या खिडकीतला कूलर सुरू होतो, वाळ्याचा ओला वास येतो, घरघर भिंतीतून आत शिरते आणि मी आपली कान टवकारून बसते. त्या घरघरीखाली दुसरा कुठला आवाज बुडालाय का, ते ऐकत. घरातले हसतात. हसू देत. ही खोड मला नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यानं लावली आणि तो महिना काही माझ्या डोक्यातून जात नाही.

दीपनगरच्या कॉलनीत आम्ही वाढलो. आमचे वडील, म्हणजे नाना, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून येऊन वीज केंद्रात लागलेले, बॉयलरवर. इतकी वर्षं कॉलनीत काढली तरी त्यांची अहिराणी सुटली नाही. घरात ‘शे’, ‘नही’, ‘बठ्ठासले’, साहेबांसमोर ‘आहे’, ‘नाही’, ‘सगळ्यांना’. आम्ही पोरं त्यांना मराठीत उत्तर द्यायचो, ते त्यांना चालायचं. यावलला मावशीकडे गेलं की दिवेलागणीआधीच कंदिलाची काच पुसून ठेवलेली असायची. आमच्याकडे लाइट गेली तर ती बातमी व्हायची, बायका दारात येऊन प्लांटच्या चिमणीकडे बघत उभ्या राहायच्या. लाइट सदानकदा, म्हणून टीव्ही सदानकदा, आणि म्हणूनच तो गेम. यावलला राहिलो असतो तर असलं वेड आम्हाला परवडलंच नसतं.

त्या गेमचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. इंजिनिअर साहेबांच्या अभिजितला त्याच्या मामानं परदेशातून टीव्हीला जोडायचं मशीन आणलं, त्याच्याबरोबर ही कॅसेट आली, आणि दोन्ही आळीपाळीनं कॉलनीत घरोघर फिरायला लागली. कॅसेटवर सगळी जपानी अक्षरं. आम्ही तिला ‘मशाल’ म्हणायचो, कारण त्यातला पोरगा मशाल घेऊन गुहांमधून फिरतो. नुसत्या गाड्या पळवायच्या, धाडधाड गोळ्या मारायच्या, असला तो गेम नव्हे. इथे आपणच तो पोरगा व्हायचं. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, तलवार मिळवायची, मार खायचा, बरं व्हायचं, हळूहळू मोठं व्हायचं. आणि गेममधली माणसं बोलायची ती जपानीत. मग काय, आम्हीच त्यांना बोलतं केलं.

विहिरीवर एक चौकोनी डोक्याची बाई उभी असायची. ती आमची अक्का. पहिल्या ओळीतल्या क्वार्टरमधला पिंट्या तिचा आवाज काढायचा, अगदी उन्हात कुठे निघालास म्हणून अडवणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीसारखा, अहिराणीत: “कथा चालना रे भाऊ इतला उनमा? पानी पी ले, मंग जाय!” आम्ही लोळून हसायचो. प्रत्येक गुहेच्या शेवटी करडा झगा घातलेला एक माणूस आडवा यायचा. तो राखाडी बाबा, आमचा पक्का दुश्मन. वर्षानुवर्षं तीच वाक्यं, तीच विहीर. पुढे पुढे तर पिंट्यानं तोंड उघडायच्या आत लहान पोरं ओरडायची, “पानी पी ले!”

आणि या सगळ्यांचा राजा माझा भाऊ, विजू. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचे, भांडताना विज्या; तो मला ‘सुने’ अशी हाक मारायचा. अख्ख्या कॉलनीत त्याच्याइतकं कुणी पुढे गेलेलं नव्हतं. भाऊ खेळायला बसला की त्याचे नियम असत. कुणी बोलायचं नाही. कूलर बंद. मग बाहेर बेचाळीस-पंचेचाळीस डिग्री का असेना. आणि बसायचा कसा, तर मान डावीकडे तिरपी, हनुवटी वर, नजर टीव्हीच्या जरा बाजूला. आम्ही पोरं त्याला ‘विजूभाऊचा अँगल’ म्हणायचो. होता होता कॉलनीतल्या पोरांनी हे सगळं उचललं. ज्याच्या त्याच्या घरी दुपारचे कूलर बंद, घामाच्या धारा, आणि टीव्हीसमोर चार-पाच पोरं माना तिरप्या करून बसलेली! त्यांना वाटायचं, जिंकायचं गुपित यातच आहे. “अहो, यांच्या माना अशाच राहतील!” म्हणून आया करवादायच्या. त्यांचं कोण ऐकतो?

परवा माझ्या मुलीनं मोबाइल दाखवला. असाच कुठलातरी जुना गेम नव्या रंगात, नव्या आवाजात परत आलाय आणि जगभरातली वयानं घोडे झालेली माणसं त्यावर भांडतायत. कुणी म्हणतंय, आमचं बालपण परत दिलंत. कुणी म्हणतंय, वाट लावलीत, ते जुनं संगीत कुठंय? एकजण तर म्हणे नव्या संगीतावर ढसाढसा रडला. आमचाच गेम असेल, नसेलही. ओळखणार कसा, नावच माहीत नाही. मुलगी म्हणाली, “आई, आवाज बदलला म्हणून एवढं काय गं?” मी ताडकन म्हटलं, “आवाज बदलला म्हणजे काय होतं, ते मला विचार.” 

तर सांगते. भाऊला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी आंधळा नव्हे. कॉलनीत सायकलवर फिरायचा, कशाला धडकायचा नाही. पण नजर जिथे नेमकी रोखावी, तिथेच काही दिसत नसे. मधोमध सगळं पुसलेलं, कडेकडेचं तेवढं शाबूत. लहानपणी चांगलं दिसायचं, मग वर्षावर्षानं ते मधलं पुसट होत गेलं. तोवर मशाल गेम त्याला पाठ झाला होता, आणि पाठ झाला होता तो कानांनी. दगडावर पावलं टुक टुक वाजायची, लाकडी पुलावर टॉक टॉक. भिंतीला धडकलं की ‘डुब’. पाणी जवळ आलं की चुळूक. त्या आवाजांवर तो वाट काढायचा. म्हणून कूलर बंद, म्हणून कुणी बोलायचं नाही. आणि मान तिरपी, कारण कडेनं जे काय दिसेल ते दिसेल.

मला हे कळलं ते आदल्या दिवाळीच्या सुट्टीत. घरात आम्ही दोघंच. आमच्या जुन्या टीव्हीचं चित्र मधूनच बिघडायचं, नुसते काळे-पांढरे पट्टे पळायला लागायचे. डोक्यावर थाप मारली की ठिकाणावर यायचं. भाऊ गुहेत शिरला आणि चित्र गेलं. आवाज तेवढा चालू. मी थाप मारायला उठले आणि जागीच थबकले, कारण भाऊ थांबलाच नव्हता. टुक टुक टुक. डुब. लगेच उजवीकडे. टुक टुक. चुळूक आली, तसा डावीकडे. पळत्या पट्ट्यांकडे मान तिरपी करून तो मजेत खेळत होता. 

“काय गं सुने, गप्प का? बघ, आली पेटी,” तो म्हणाला. गेममधली खजिन्याची पेटी उघडल्याचा आवाजही आला.

मी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. चित्र गेलेलं होतं आणि मी सगळं बघितलं, हे त्या थापेनं त्याला समजलं. त्यानं रिमोट खाली ठेवला.

“तुझा चेहरा बघायचा असेल ना, तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं,” तो म्हणाला. “नानांना कळता कामा नये. माझी शपथ.”

मी आधी रडले, मग त्याला नाही नाही ते बोलले, मग शपथ घेतली. भाऊ आयटीआय करत होता, हातांच्या अंदाजावर ओढत. मे महिन्यात त्याचा निकाल लागणार आणि जूनमध्ये प्लांटमध्ये ॲप्रेंटिस म्हणून घेण्याआधी मेडिकल. नानांचा सगळा जीव त्या मेडिकलमध्ये अडकला होता. बापलेक एकाच गेटनं आत जाणार, यापलीकडे त्यांना दुसरं स्वप्न नव्हतं. भाऊ म्हणायचा, “डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता पाठ करून टाकीन. गेम नाही पाठ केला?” मी म्हणायचे, “अरे गाढवा, गेममध्ये पडलास तर परत उठता येतं. तिथे त्या लोखंडी शिड्यांवर एक पायरी चुकली तर?” तो हसायचा. मला दोन्हीकडून भीती. पकडला गेला तर नाना मोडून पडतील, आणि नाही पकडला गेला तर?  आमरसाची वाटी समोर आणि घशाखाली घास उतरत नाही, असा तो मे महिना.

निकाल लागला, भाऊ पास झाला. आणि त्याच आठवड्यात अभिजित सायकल फेकून आमच्या दारात ओरडत आला, “विजूभाऊ! मशाल परत आली! नवीन! रंग नवीन, संगीत नवीन, सगळं इंग्लिशमध्ये! मामानं नवं मशीन पाठवलं!”

बातमी वणव्यासारखी पसरली म्हणतात ना, तशी पसरली. जी पोरं मशाल खेळत मोठी झाली होती, कुणी कॉलेजात, कुणी दुकानावर, सगळी गोळा. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी अभिजितकडे जमायचं आणि पहिला रिमोट विजूभाऊच्या हातात, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

“जाऊ नको,” मी भाऊला म्हटलं. “ताप आला म्हण. मी सांगते जाऊन.”

“सुने, किती वर्षांनी नवा आलाय तो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात मेडिकलचं नावही नव्हतं. त्याला खेळायचं होतं, बस्स. मला त्याचा असा राग आला! आणि रागाच्या मागोमाग तो डोळ्यांत पाणी आणणारा कळवळा, तो तर रागापेक्षा वाईट.

अभिजितकडे मोठा हॉल, रंगीत टीव्ही. पाय ठेवायला जागा नाही. भाऊ दारातून आत आला तसा पिंट्यानं उठून कूलर बंद केला. “मेल्यांनो, भाजून निघाल!” आतून अभिजितची आई, आमच्या काकू, ओरडल्या. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे बसलेल्या पोरांनी माना तिरप्या केल्या. सुरुवातीची गोष्ट येऊन जाईपर्यंत रिमोट अभिजितनंच धरला.

पडद्यावर रंग उतरले आणि सगळ्या हॉलनं एकदम “ओ हो हो!” केलं. मशालवाल्याला नाक आलं होतं. केस वाऱ्यानं उडत होते. आकाशात ढग सरकत होते. एकजण म्हणाला, “भो, माझे तर हातपाय गार पडले.” दुसरा तोंड फिरवून डोळे पुसत होता, आणि विचारलं तर म्हणे घाम. मग विहीर आली. विहिरीवर अक्का नव्हती. लांब वेणीची एक तरुण पोरगी उभी होती. अभिजितनं इंग्लिश वाचून सांगितलं, “ती म्हणते, या विहिरीचं पाणी पिऊ नकोस. विषारी आहे.”

सगळे पिंट्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं हा पठ्ठ्या साऱ्या कॉलनीला तेच पाणी पाजत होता. “खोटं आहे,” पिंट्या तांबडा होऊन म्हणाला. “यांनी बदललं असणार. आपली अक्का असं बोलूच शकत नाही.” आणि मग जुंपली. कुणी म्हणे हाच खरा, आपण अडाणी होतो. कुणी म्हणे खरा गेला खड्ड्यात, आपला तो आपला. मला त्या भांडणाचं बरं वाटत होतं. भांडत बसा बाबांनो, संध्याकाळपर्यंत भांडा.

पण कुणीतरी म्हणालंच, “विजूभाऊ, घे आता.”

रिमोट हातोहात पुढे आला. मी म्हटलं, “भाऊ, आईनं बोलावलंय.” भाऊनं माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघितलं आणि म्हणाला, “थांब जरा.” पोरं गप्प झाली. हॉलमध्ये घामाचा वास, आणि टीव्हीतून ते नवं संगीत. सुंदर होतं हो, खोटं कशाला बोलू! शंभर व्हायोलिनं एकदम वाजत असावीत. पण ते थांबतच नव्हतं. पावलं वाजत नव्हती. पूल वाजत नव्हता. भाऊनं गावातून वाट काढली ती जुन्या पाठावर, आणि गुहेत शिरला.

मशालवाला भिंतीला जाऊन टेकला. डुब नाही. भाऊला ते कळलंच नाही. तो बटण दाबतोय, पोरगा भिंतीशी जागच्या जागी पाय हलवतोय. सगळे बघतायत.

“उजवीकडे, भाऊ,” पिंट्या हळूच म्हणाला.

भाऊ उजवीकडे गेला, दुसऱ्या भिंतीला टेकला. परत तेच. पुढच्या पोरांच्या तिरप्या माना आणखी तिरप्या झाल्या, त्यांना वाटलं भाऊ काहीतरी नवीन युक्ती करतोय. भाऊच्या मानेवरून घाम ओघळत होता.  आता कुणीतरी विचारणार. आता विचारणार. माझ्या डोळ्यांसमोर नाना, ते गेट, जून महिना, सगळं गरगरत होतं.

भाऊनं रिमोट खाली ठेवला. शांतपणे म्हणाला, “हा आपला गेम नाही.”

 मग पिंट्या उसळला, “मी काय म्हणत होतो! भाऊ बोलला ना? संपलं!” आणि फिरलं की सगळं! ज्याचे हातपाय गार पडले होते तोही म्हणायला लागला, संगीत फारच कर्कश आहे, रंग भडक आहेत, वाट लावली गेमची. आपला जुनाच बरा. राजाच्या तोंडून शब्द पडला आणि सगळ्यांचं मत ठरलं. मला हसू आवरेना आणि रडूही. सुटलो! भाऊचा मान राहिला, गुपित राहिलं. मी त्याच्या दंडाला धरून दारापर्यंत आणलं. त्यानं एका पायात चप्पल सरकवलीसुद्धा.

मागून अभिजित म्हणाला, “भाऊ, एकदा ते तळं तरी बघ ना.”  बिचाऱ्यानं किती हौसेनं बोलावलं होतं सगळ्यांना. “गुहेतलं. काल मी तिथवर पोचलो आणि बंद केला. म्हटलं पुढचं तुझ्याबरोबर बघू. पाणी काय काढलंय रे... बघून जा फक्त.”

“चल,” मी भाऊच्या कानात म्हटलं.

भाऊ उभा राहिला. एक पाय चपलेत, एक फरशीवर. मी त्याचा दंड ओढला, तो हलेना. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला अजून दिसतं. हाव होती ती, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं त्या तळ्याच्या काठानं तो चुळूक ऐकत गेला होता.

तो वळला. “अभ्या,” म्हणाला, “मला दिसत नाही रे. मधलं काहीच दिसत नाही. कसं काढलंय, तू सांग.”

पिंट्या आधी हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं. पुढच्या पोरांनी एकेक करून माना सरळ केल्या, आणि ते बघून माझा इतका वेळ धरलेला बांध फुटला. काकू आतून धावत आल्या. अभिजित गुडघ्यांवर चालत टीव्हीजवळ गेला, रिमोट उचलला आणि मशालवाल्याला तळ्यापर्यंत नेलं. भाऊ त्याच्या शेजारी जाऊन बसला.

“हिरवं आहे,” अभिजित म्हणाला. “निळं नाही. काठाला काळपट, मध्ये हिरवं.”

“अन् मशाल उलटी दिसते त्यात,” पिंट्या म्हणाला.  “थरथरते.”

मग सगळेच बोलायला लागले. एकानं दगडांवरचं शेवाळ सांगितलं, एकानं वरून टपकणारे थेंब. “हळू, एकेकानं,” भाऊ म्हणत होता. लोकांना वाटेल मी रचून सांगतेय, पण तो दाद देत होता, मध्येच “थांब, थेंब कुठून पडतात?” असं विचारत होता. मी भिंतीला टेकून सगळं ऐकलं. गुपित फुटलं होतं, जून महिना हातचा गेला होता, आणि हा माणूस थेंबांची चौकशी करत होता.

घरी आलो तेव्हा ऊन अजून तसंच होतं. आमच्याआधी बातमी पोचली होती, कॉलनीच ती. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. नाना पहिल्या पाळीवरून येऊन ओट्यावर बसलेले, अंगात अजून प्लांटचेच कपडे. नानांचा आवाज असा की चार क्वार्टर पलीकडे ऐकू जावा. मी मनाशी म्हटलं, आता आभाळ कोसळणार. ते कोसळलं नाही. नानांनी भाऊला समोर बसवलं, त्याच्या डोळ्यांकडे नुसते बघत राहिले, आणि हलक्या आवाजात विचारलं, “विजू, माले काबरं नही सांगं?”

भाऊ खाली मान घालून म्हणाला, “तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होता, नाना. पोरगा लागणार म्हणून. सगळ्या शिफ्टला, गावाकडे, सगळ्यांना.”

 नानांनी भाऊच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग उठले आणि चपला शोधायला लागले.

“कुठे निघाले तुम्ही एवढ्या उन्हात?” आईनं विचारलं.

“आते बी मीच सांगसू बठ्ठासले,” नाना म्हणाले, आणि समोरच्या क्वार्टरची कडी वाजवली.